गाडी परदेशी, पासिंग पनवेलचं

लोधिवलीच्या फाट्यावर उभं राहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडे पाहिलं, की अर्ध्या जगाचा माल डोळ्यांसमोरून जातो. न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर, पाताळगंगा आणि रसायनीच्या कारखान्यांचे टँकर, आणि शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे निघालेल्या काही अशा गाड्या, की टपरीवरची पोरं चहा ठेवून आधी मोबाइल काढतात. चौक, मोहोपाडा, खोपोली, कर्जत, कुठेही चार गाडीवेडे जमले की एक प्रश्न हमखास निघतो. भूतानमध्ये, नेपाळमध्ये म्हणे मोठ्या गाड्या स्वस्तात मिळतात, मग एखादी स्वतःच का आणू नये?

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर शोधायला निघालं की नियम तर सापडतातच, पण वाटेत एकाहून एक भन्नाट गोष्टी भेटतात. खांद्यावरून डोंगर चढलेल्या मोटारी, जागेवरून न हलता भारतीय झालेल्या मोटारी, क्रिकेटच्या मैदानातून थेट मुंबईच्या गोदीत आलेली मोटार. त्यातल्या खास निवडक इथे देतो.

जुन्या गाडीला एकच दार

आपला रायगड जिल्हा देशातल्या मोठ्या कंटेनर बंदराचा. न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि लोधिवलीहून ते तासाभराच्या वाटेवर आहे. परदेशात तयार झालेली कोरी गाडी या बंदरातून येऊ शकते. चेन्नई, कोलकाता अशी आणखीही काही ठिकाणं त्यासाठी ठरवून दिलेली आहेत. पण गाडी वापरलेली असेल, तर आयात धोरणात एकाच बंदराचं नाव आहे: मुंबई.

याचा अर्थ नीट बघा. काठमांडूहून रक्सौलची हद्द रस्त्याने एका दिवसात गाठता येते. तरी तिथली वापरलेली गाडी कायद्याने आपल्या नावावर आणायची असेल, तर तिने समुद्रमार्गे मुंबईलाच यायला हवं. आणि नेपाळला समुद्र नाही! त्या देशाचा जहाजी माल कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम या भारतीय बंदरांतूनच ये-जा करतो. भूतानचंही तेच. शेजाऱ्याच्या अंगणातली गाडी आपल्या अंगणात यायला अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा.

आणि नुसतं बंदर गाठून भागत नाही. बनवल्याच्या तारखेपासून गाडीला 3 वर्षांहून जास्त झालेली नसावीत. स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा, म्हणजे लंडनहून आलेल्या गाडीचा मैलांचा काटा चालत नाही. पुढची किमान 5 वर्षं ती रस्त्यावर धावू शकेल याची खात्री द्यावी लागते, आणि तिची दुरुस्ती-देखभाल इथे होईल याचीही.

आणखी एक अट आहे, ती गाडीच्या दिव्यांची, आणि मला ती सगळ्यांत आवडते. डिपरवर टाकलेला दिवा सरळ पुढे बघत नाही. त्याचा झोत रस्त्याच्या कडेला थोडा जास्त लांब आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला थोडा आखूड असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला झोत डावीकडे झुकलेला. उजवीकडून चालणाऱ्या देशातली गाडी तशीच आणली, तर तिचा झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. बोरघाटातल्या एखाद्या वळणावर, पावसाळ्याच्या रात्री, ही अट का आहे ते ज्याचं त्याला कळतं.

कोरी कोणती, जुनी कोणती?

शोरूममधून कालच बाहेर पडलेली, जेमतेम दहा-बारा किलोमीटर पळालेली गाडी कोरीच ना? कस्टमच्या लेखी नाही. भारतात येण्याआधी गाडी कोणाला विकली, भाड्याने दिली किंवा कुठल्याही देशात नोंदवली गेली असेल, तर ती वापरलेली. नंबरप्लेट एक दिवस लागली तरी ती सेकंडहँडच्या रांगेत, आणि मग तिच्यासाठी मुंबईचंच दार.

सात शेजाऱ्यांपैकी कोण कुठल्या बाजूने?

पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका हे आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात. चीन उजवीकडून. म्यानमारची गंमत वेगळीच. ब्रिटिशांच्या वेळेपासून तिथेही डावी बाजू होती, पण 1970 च्या डिसेंबरात सरकारने एका दिवसात सगळा देश उजव्या बाजूला नेला. रस्त्याची बाजू बदलली, गाड्या मात्र तशाच राहिल्या. पुढे जपानहून जुन्या गाड्या येत राहिल्या आणि त्याही उजव्याच स्टिअरिंगच्या. ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही, अशा बाजूला बसून तिथले असंख्य चालक वर्षानुवर्षं गाडी चालवत आले आहेत.

दुबई-मस्कतला असलेल्या आपल्या मंडळींनी इथेच थांबलेलं बरं. आखाती देशांत डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या असतात. तिथली गाडी कितीही जपलेली असली, तरी वापरलेली गाडी म्हणून ती स्टिअरिंगच्याच अटीत अडकते. सिंगापूर, मलेशिया, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, केनिया इथल्या गाड्या स्टिअरिंगच्या परीक्षेत तरी पास होतात.

सावंतवाडीच्या शेजारचा परदेश

शेजारच्या देशातल्या गाड्यांची खरी मराठी गोष्ट नेपाळची नाही की भूतानची नाही. ती गोव्याची आहे.

1961 च्या 19 डिसेंबरपर्यंत बांद्याच्या पुढे परदेश सुरू होत असे. पत्रादेवीला हद्द, पलीकडे पोर्तुगीज अंमल. तिकडे लोहखनिजाच्या निर्यातीतून परकीय चलन येत होतं आणि बाहेरच्या मालाला आयातीची मोकळीक होती. इकडे भारतात त्याच काळात परकीय चलन जपून वापरायचं म्हणून आयातीवर परवान्यांचा कडक पहारा. त्यामुळे हद्दीच्या या बाजूला ॲम्बेसेडर आणि फियाट, आणि त्या बाजूला पणजी-मडगावच्या रस्त्यांवर युरोपातल्या नव्या गाड्या, असं चित्र होतं. 1960 च्या दशकात गोव्याला गेलेल्या पाहुण्यांना मर्सिडीजची टॅक्सी मिळायची. मुंबईत जी गाडी बघायला माणसं थांबत, ती मडगावात भाडं मारत होती.

त्याहून मोठी मौज रस्त्याच्या बाजूची. पोर्तुगालने 1 जून 1928 पासून आपल्या देशात उजवीकडून गाडी चालवायचा नियम केला. खरं तर गोव्यानेही तोच नियम पाळायला हवा होता. पण गोवा, मोझांबिक आणि मकाव यांच्या हद्दीपलीकडे सगळे डावीकडून चालवणारे. म्हणून त्यांना वगळलं. समजा वगळलं नसतं, तर सावंतवाडीहून निघालेल्या प्रत्येक गाडीला पत्रादेवीला बाजू बदलावी लागली असती. लिस्बनच्या कारभाऱ्यांनी निदान या एका बाबतीत सावंतवाडीचा रस्ता लक्षात घेतला, हे नोंदवून ठेवायलाच हवं.

1955 मध्ये पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकहून जाणारी रेल्वे थांबली. आणि मग डिसेंबर 1961. दीड दिवसाच्या लष्करी कारवाईनंतर ती हद्दच पुसली गेली. गोव्यातल्या गॅरेजांत उभ्या असलेल्या सगळ्या परदेशी मोटारी एका रात्रीत भारतात आल्या, एक चाकही न फिरता. शेजारच्या देशातून गाडी आणण्याची इतकी सोपी पद्धत पुन्हा कोणाला सापडलेली नाही. आणि त्या रात्रीसाठी ज्यांनी पत्रादेवीला रक्त सांडलं, त्यांची आठवण या गोष्टीत ठेवलीच पाहिजे.

खांद्यावर बसून आलेल्या मोटारी

नेपाळकडे वळू. 1956 मध्ये भारताच्या मदतीने त्रिभुवन राजपथ तयार होईपर्यंत काठमांडूच्या खोऱ्यात बाहेरून येणारा मोटाररस्ताच नव्हता. तरी खोऱ्यात मोटारी होत्या! राणा घराण्यातल्या लोकांनी हौसेने त्या मागवलेल्या. रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे, तिथून भीमफेदीपर्यंत रस्ता, आणि भीमफेदीला रस्ता संपला की भरिया, म्हणजे डोंगरी हमाल. चाकं काढून मोटारीचा सांगाडा बांबूंच्या लांब दांड्यांना बांधायचा, आणि डझनावारी माणसांनी तो खांद्यावर घेऊन चंद्रागिरीची खिंड ओलांडायची. एकेका गाडीला कित्येक दिवस लागत. जर्मनीहून भेट आलेली एक मर्सिडीजही याच वाटेने गेली, असं सांगतात.

त्या मोटारींचे फोटो आजही बघायला मिळतात. मालकांची नावं लोकांना माहीत आहेत. वाहून नेणाऱ्यांची नाही. मला तर हा सगळा इतिहास त्या खांद्यांचाच वाटतो.

आजच्या नेपाळमध्ये गाडी स्वस्त मिळते, ही समजूत मात्र मुळापासून चुकीची आहे. तिथे पेट्रोल गाडीवरचे सगळे कर मिळून मूळ किमतीच्या 200 टक्क्यांच्या वर जातात. गुरुग्रामला बनलेली मारुती काठमांडूत आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी महाग पडते. विजेवरच्या गाड्यांवर कर कमी ठेवल्यामुळे तिथल्या नव्या मोटारींत बहुसंख्य आता विजेवरच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच चीनमधून येतात. आपली गाडी घेऊन नेपाळ फिरायला जायचं असेल, तर हद्दीवर रोजच्या हिशेबाने भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरायचं आणि ठरलेल्या दिवसांत परत यायचं.

थिंफूत सिग्नल नाही, आणि स्वस्ताई?

भूतानची राजधानी थिंफूमध्ये वाहतुकीचा एकही सिग्नल नाही. चौकातल्या नक्षीदार चौकीत उभा राहून पोलीस हातांनी गाड्या सोडतो. या छोट्या देशाने आपल्याकडच्या रुपयांचा साठा आटला म्हणून 2012 मध्ये गाड्यांची आयातच थांबवली होती. 2022 मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी पुन्हा तेच केलं.

तरी भूतानचं नाव गाडीवाल्यांच्या तोंडी असतं, याचं कारण हद्द उघडी आहे. फुन्शोलिंग आणि आपलं जयगाव यांच्यामध्ये एक कमान, बस्स. भारत-भूतान व्यापारही बहुतांश करमुक्त आहे. इथेच लोक फसतात. करमाफी भूतानमध्ये तयार झालेल्या मालाला आहे, भूतानमधून आलेल्या मालाला नाही. भूतानमध्ये मोटारी बनतच नाहीत. तिथे उभी असलेली जपानी लँड क्रूझर भारतीय कस्टमच्या दृष्टीने जपानीच राहते आणि तिला पूर्ण शुल्क लागतं. नेपाळचा करारही याच तत्त्वावर आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ऑपरेशन नुमखोर नावाची मोहीम उघडली आणि केरळभर छापे घातले. भूतानमधून चोरून आणलेल्या महागड्या गाड्यांना खोटे कागद जोडून दुसऱ्या राज्यांत पासिंग करून घेतलं आणि मग त्या विकल्या, असा संशय होता. पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या. काही गाड्या सिनेमातल्या नामवंतांच्या घरी निघाल्या. विकत घेणारा कितीही मोठा असो, गाडी आधी टो होऊन जाते आणि खुलासे नंतर होतात.

पाकिस्तान आणि जुळी भावंडं

आपली मारुती 800 आणि पाकिस्तानातली सुझुकी मेहरान ही एकाच घरातली भावंडं. दोघींचा मूळ साचा सुझुकीच्या छोट्या आल्टोचा. आपली 2014 मध्ये बंद झाली, त्यांची 2019 पर्यंत चालली. सीमेच्या दोन्ही बाजूंना मध्यमवर्गाची पहिली मोटार जवळजवळ तीच होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणायचा मात्र प्रश्नच नाही. 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क बसलं आणि मे 2025 पासून तिकडून येणारी सगळीच आयात बंद आहे.

100 रुपयांचा हिशेब

आता मुद्द्याचं. पैसे किती?

समजा गाडीची किंमत, विमा आणि जहाजाचं भाडं मिळून 100 रुपये झाले. वापरलेल्या गाडीवर 2025 च्या अर्थसंकल्पानंतर 70 टक्के मूळ सीमाशुल्क आणि 67.5 टक्के कृषी अधिभार. म्हणजे 237 रुपये 50 पैसे. त्यावर मोठ्या गाडीला सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी. झाले 332 रुपये 50 पैसे. अजून गाडी गोदीतच आहे. आता महाराष्ट्राचा एकरकमी रस्ताकर. इथल्या गाडीच्या मानाने परदेशी गाडीला तो चढा, 20 टक्के, आणि तोही शुल्कासकट पडलेल्या किमतीवर. बेरीज 399. म्हणजे 100 ची गाडी 400 ला. बंदरातलं भाडं, एजंटचे पैसे, चाचणीचा खर्च हे सगळं वेगळं.

कोरी गाडी 40,000 डॉलरच्या वरची असेल तर 110 टक्के शुल्क, मग 40 टक्के जीएसटी. गोदीतून सुटेपर्यंत 294 रुपये. जुनीपेक्षा नवी स्वस्तात सुटते, हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो. सरकारचा हेतूच तो आहे, जगाच्या जुन्या गाड्या इथे येऊन साठू नयेत. आणि मला हा हेतू पटतो. रस्ताकराला कमाल मर्यादा आहे, 2025 च्या जुलैपासून 30 लाख रुपये. ती ज्यांना लागू पडते, त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

शिवाय "मला मित्राने अर्ध्या किमतीत दिली" हे कस्टम ऐकत नाही. ते कंपनीची कोऱ्या गाडीची किंमत धरतात आणि वापराची ठरावीक घट वजा करतात. पहिल्या वर्षाला 16 टक्के, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10. तीन वर्षांत 38 टक्केच.

शास्त्रींची ऑडी, सचिनची फेरारी

खासगीत गाडी आणायला धोरणाने काही जणांची यादीच दिली आहे. निदान 2 वर्षं सलग परदेशात राहून कायमचं परत येणारा माणूस, मात्र गाडी किमान वर्षभर त्याच्याच नावावर असायला हवी. परदेशात वारलेल्या नातेवाइकाचा वारस. अपंग व्यक्ती. परदेशी वृत्तसंस्थांचे मान्यताप्राप्त पत्रकार. मानद वाणिज्यदूत. धर्मादाय संस्था. आणि या यादीत एक फार देखणं कलम आहे: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस म्हणून गाडी मिळालेला भारतीय.

हे कलम वाचलं की 10 मार्च 1985 आठवतोच. मेलबर्नचं मैदान, समोर पाकिस्तान, भारताने बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली आणि रवी शास्त्री मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बक्षीस ऑडी 100. सगळा संघ गाडीवर लटकून मैदानभर फिरला. ज्यांनी तो दिवस टीव्हीवर पाहिला, त्यांच्यासाठी ऑडी हा शब्द त्या दिवशी मराठीत आला. ऑस्ट्रेलियातली गाडी, म्हणजे उजवं स्टिअरिंग आयतंच. ती जहाजाने मुंबईला आली. राजीव गांधी सरकारने शुल्क माफ केल्याचं शास्त्रींनी स्वतः सांगितलं आहे. नंबर मिळाला एमएफए 1. वर्षानुवर्षं उभी राहून खंगलेली ती गाडी गौतम सिंघानिया यांच्या गॅरेजमध्ये पुन्हा मूळ रूपात आणली गेली आणि 2022 मध्ये शास्त्रींच्या हाती आली. सदतीस वर्षांनी!

सचिनची गोष्ट अधिक अवघड. 2002 मध्ये त्याने ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली आणि मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. ती भारतात आणताना 1 कोटी 13 लाख रुपयांचं शुल्क माफ करायचं ठरलं आणि देशभर वाद पेटला. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी ते पैसे भेट देणाऱ्या फियाट कंपनीनेच भरले. या वादात सचिनबद्दल बरंच वेडंवाकडं बोललं गेलं. भेट देणाऱ्याने शुल्कही भरावं, हे आधीच ठरलं असतं तर वाद झालाच नसता, असं माझं मत आहे.

या यादीतल्या मार्गाने आलेली गाडी 2 वर्षं विकता येत नाही. तशी नोंद आरसीवरच होते.

फिरायला आणा, परत न्या

शुल्क न भरता परदेशी गाडी भारतात आणायचा एक सरळ मार्ग आहे, पण तो पाहुण्यांसाठी. कार्नेट नावाचं पुस्तक. गाडी परत नेईनच, अशी हमी वाहनसंघटना देते आणि प्रत्येक हद्दीवर त्यातलं एक पान फाडलं जातं. आपल्याकडे हे काम करणाऱ्या संस्थांत मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन जुनी, 1919 ची. युरोपातून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून वाघ्याला भारतात शिरणारे आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम टाकणारे हिप्पी आपल्या व्हॅन अशाच आणत. 1957 मध्ये तर लंडनहून थेट कोलकात्यापर्यंत प्रवाशांची बस आली होती, एप्रिलात निघून जूनमध्ये पोहोचली. 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन सैन्य उतरलं आणि ती वाट मोडली.

शिवडी, कुर्ला आणि पुणं

परदेशी गाडी सुटी आणून इथे जोडायची, हाही एक जुना मार्ग. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढून तेच केलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात आधी अमेरिकी गाड्या जोडल्या, मग फियाट. 1950 च्या दशकात सरकारने नुसत्या जोडणीला नकार देऊन इथेच बनवा असं सांगितलं, तेव्हा अमेरिकी कंपन्या निघून गेल्या आणि वालचंदांची कंपनी राहिली. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी त्याच कुर्ल्याची. ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

आणि आणलेल्या वापरलेल्या गाडीची चाचणी कुठे होते? धोरणात नावं दिलेल्या तीन संस्थांपैकी दोन आपल्या राज्यातल्या. पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय, 1966 ची, आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई. तिसरी मध्य प्रदेशात बुदनीला. म्हणजे मुंबईच्या गोदीत उतरलेली गाडी पुण्याला परीक्षा द्यायला लोधिवलीवरूनच घाट चढते. आपल्या रस्त्यावर कापडाने झाकलेली, ट्रेलरवर बांधलेली एखादी गाडी दिसली, तर ती कदाचित परीक्षार्थी असेल.

जितकी म्हातारी, तितकी लाडकी

3 वर्षांची अट एका वयानंतर उलटी फिरते. 1950 पूर्वी बनलेल्या मोटारी आणायला आधीपासून परवानगी होती. 2025 मध्ये ही मर्यादा सरकती झाली आणि 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडलं. त्या शौकासाठी आणायच्या, विकायच्या नाहीत. पासिंगसाठी 2021 पासून वेगळी व्हीए मालिका आहे, नोंदणीचे 20,000 रुपये. म्हणजे 4 वर्षांची गाडी येऊ शकत नाही, 52 वर्षांची येते!

जुन्या गाडीचं प्रेम बघायचं तर दसऱ्याला कोल्हापूरला जा. छत्रपतींची 1930 च्या दशकातली जर्मन मेबॅक सोनं लुटायच्या सोहळ्याला अजून दिमाखात येते.

आणि माथेरान

सगळे कर भरा, पुण्याला पास व्हा, खालापूर-कर्जतच्या गाड्यांना मिळतो तो पनवेलचा एमएच 46 नंबर लावा. नेरळचा घाट चढा. दस्तुरी नाक्याला गाडी थांबणारच. माथेरानात खासगी मोटारीला बंदी आहे, मग ती फेरारी असो की पद्मिनी. पुढे पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने. इतक्या जवळ असा गाव आपल्याला लाभला आहे, तो असाच राहो.

घेण्याआधी एवढं करा

आपल्या भागात जमिनीचे पैसे हातात आले की मोठी गाडी घ्यायची हौस येते, त्यात काही वाईट नाही. पण "परदेशातून आलेली, अर्ध्या किमतीत" असं कोणी म्हणालं, तर आधी कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती मागा. त्यावरचा चासी नंबर स्वतः गाडीवर जाऊन ताडून बघा. गाडी पहिल्यांदा कुठल्या राज्यात, कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला पास झाली, ते आरसीवर आणि परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. दोन वर्षं न विकण्याची नोंद उठली आहे का, तेही बघा. "कस्टमने पकडलेली गाडी आहे, आत ओळख आहे" असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. कस्टमच्या जप्त गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात जाहीरपणे विकल्या जातात, कोणाच्या ओळखीने नाही. गाडी बेकायदा निघाली तर ती जप्त होऊ शकते, आणि आणणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो. शंका आली तर पनवेलच्या आरटीओत किंवा न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसमध्ये आधी जाऊन विचारा आणि मगच पैसे द्या.